गाडीचा फोटो समोरून छापलात, खालून कोण बघणार?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात तुर्कीच्या किर्पी नावाच्या चिलखती गाडीचा मोठा फोटो आला होता. समोरून काढलेला, टपावर मशीनगन, आणि खाली चार ओळी की ही गाडी सुरुंगावर गेली तरी आतले सैनिक वाचतात. ते पान आमच्या शिरोली एमआयडीसीतल्या चहाच्या गाड्यावर दोन दिवस फिरत होतं, पहिल्या पाळीच्या पोरांनी बघितलं, दुसऱ्या पाळीच्या पोरांनी बघितलं, त्यावर चहाचा डाग पण पडला, आणि त्यावरनं जी चर्चा झाली ती ऐकून मला राहवलं नाही म्हणून हे पत्र. मोबाईलवर टाईप करतोय, ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सांभाळून घ्या, पण मजकूर कापू नका एवढी विनंती.

चर्चा काय, तर आमच्या मशीन शॉपमधला एक पोरगा म्हणाला, काका ह्या तुर्कीचं कौतुक पेपरात कशाला पाहिजे, ह्यांनीच तर पाकिस्तानला ड्रोन दिली. बरोबर आहे त्याचं. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी पाकिस्ताननं जी ड्रोन सोडली त्यात तुर्की बनावटीची होती हे आपल्या लष्करानंच सांगितलंय, पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कीची सफरचंदं उचलायची बंद केली ती त्याच वेळी. आणि त्याच देशात २०२३ च्या फेब्रुवारीत भूकंप झाला तेव्हा आपली एनडीआरएफ आणि लष्कराचं फिल्ड हॉस्पिटल ऑपरेशन दोस्त म्हणून धावून गेलं होतं, म्हणजे राग यायचाच, मलाही येतो. पण मी त्या पोराला म्हटलं, बाळ, तू सफरचंद खाऊ नको, मीबी खात नाही, पण गाडी कशी केलीय ती नीट बघ, कारण उद्या तुझा भाऊ सीआरपीएफला लागला तर त्याच्या बुडाखाली काय असणार आहे हा तुझ्या घरचा प्रश्न आहे. त्याचा भाऊ खरंच भरतीची तयारी करतोय. पोरगा गप्प झाला, मग म्हणाला, काका तुम्हाला काय माहीत असल्या गाड्यांचं.

तर मला काय माहीत ते सांगतो. मी माजी सैनिक, ट्रेड ड्रायव्हर. सतरा वर्षं नोकरी केली, त्यातली काश्मीर खोऱ्यातली अडीच वर्षं मी कॅस्पिर चालवलीय. ही मूळची दक्षिण आफ्रिकेची गाडी, आपल्या लष्करानं ९० च्या दशकाच्या शेवटी शेवटी घेतली. सुरुंगातनं माणूस वाचवणाऱ्या गाड्यांचं मूळच तिकडं आहे, ऱ्होडेशिया (आताचं झिंबाब्वे) आणि दक्षिण आफ्रिकेत, ७० च्या दशकात तिकडच्या कच्च्या रस्त्यांवर सुरुंग पेरले जायचे तेव्हा त्यांनी ट्रकच्या सांगाड्यावर प्रयोग करत करत ही कला बसवली. कॅस्पिर हे नावसुद्धा तिथल्या पोलीस खात्याच्या आणि संशोधन संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांची उलटापालट करून ठेवलेलं आहे. पुढं आपल्या मेदकच्या ऑर्डनन्स फॅक्टरीनं त्याच धर्तीवर आपली एमपीव्ही, म्हणजे सुरुंगरोधक गाडी, काढली. अमेरिकेला हे शहाणपण इराकमध्ये पोरं गेल्यावर आलं, २००७ पासून घाईनं २७ हजारांच्या वर असल्या गाड्या केल्या त्यांनी. म्हणजे तुर्कीनं काय आभाळातनं आणलेली गोष्ट नाही ही. किर्पीचं डिझाईन तर इस्राईलच्या हातेहोफ कंपनीच्या नॅव्हिगेटर गाडीवरनं घेतलेलं आहे, ज्या इस्राईलशी तुर्कीचं आज विळ्याभोपळ्याचं सख्य आहे त्यांच्याकडनं. मग आपण बघून शिकायला का लाजायचं.

आता गाडीबद्दल, कारण तुमच्या बातमीत मशीनगन सोडून काहीच नव्हतं. किर्पी म्हणजे त्यांच्या भाषेत आपल्या साळिंदरासारखा काटेरी, पण त्याहून लहान प्राणी, अंगाचा गोळा करून बसणारा. करणारी कंपनी बीएमसी, इझमीर शहरातली, १९६४ साली ब्रिटिश कंपनीबरोबर भागीदारीत सुरू झालेली, ट्रक आणि बस करणारी, म्हणजे आपल्याकडं जशा ट्रक कंपन्या आहेत तशीच. साधारण १६ टनाची गाडी, इंजिन ३७५ हॉर्सपॉवरचं, आत १३ माणसं बसतात. तुर्कीला ही का लागली, तर त्यांच्या आग्नेयेकडच्या डोंगराळ भागात पीकेके ह्या कुर्दी बंडखोर संघटनेशी वर्षानुवर्षं लढाई चाललेली, आणि तिथं रस्त्यात सुरुंग, पुलाखाली सुरुंग, साध्या ट्रकमधनं जाणारे सैनिक मरायचे, अगदी आपल्या गडचिरोली-बस्तरसारखं. २००९ साली त्यांच्या सरकारनं ४६८ गाड्यांची ऑर्डर दिली आणि पुढच्या वर्षापासून गाड्या मिळायला लागल्या.

पण ह्या गाडीचं सगळं मर्म खाली आहे साहेब, खाली वाकून बघायला पाहिजे. साध्या ट्रकचा तळ सपाट. सपाट तळाखाली सुरुंग फुटला की तो स्फोट जातो कुठं, कुठंच जात नाही, सगळा दणका तळावर, तळ वर उचलतो, फाटतो, आतल्या माणसाचे पाय आणि मणके तिथंच जातात. ह्या गाडीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा निमुळता असतो. आपलं कौलारू घर घ्या, पाऊस कौलावर पडतो आणि दोन्ही अंगाला पन्हाळीतनं निघून जातो, स्लॅबवर पडला तर साचतो आणि शेवटी घरात ठिबकतो. ते कौलारू छप्पर उलटं करा आणि पाऊस खालनं वर येतोय असं समजा, झाली ही गाडी. २०१९ च्या महापुरात हायवेवर शिरोलीजवळ पाणी होतं तेव्हा आम्ही होड्या बघितल्या, होडीचा तळ पाणी कसा दोन बाजूला सारतो तसं ही गाडी स्फोट दोन बाजूला सारते. आणि ती जमिनीपासून उंच असते, जेवढं अंतर जास्त तेवढा दणका कमी. चाकं, एक्सल ही चिलखताच्या बाहेर, ती उडाली तर उडू देत, ती उडण्यासाठीच बाहेर ठेवलेली असतात, आतला डबा शाबूत राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट सीट. ह्यावर कुणीच लिहीत नाही. सीट जर तळाला बोल्ट मारून बसवली तर तळाचा हादरा सरळ कंबरेतनं मणक्यात जातो, म्हणून चांगल्या गाडीत सीट वरनं किंवा बाजूच्या भिंतीला टांगलेली असते, खाली पाय टेकवायला वेगळी पट्टी, आणि चार ठिकाणी बांधणारा बेल्ट. नाटोवाल्यांचं ४५६९ नंबरचं एक मानक आहे त्यात सुरुंगाच्या पायऱ्या ठरवल्यात, चाकाखाली किंवा तळाखाली ६ किलो, ८ किलो, १० किलो स्फोटक, आणि त्याच्या चाचणीत माणसाच्या जागी पुतळा बसवून त्याच्या पायावर, मणक्यावर, मानेवर किती जोर आला ते मोजतात. नुसता पत्रा फाटला का नाही एवढंच बघत नाहीत. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

कारण मी ते अनुभवलंय. दिवस सांगत नाही, जागा सांगत नाही, थंडी संपून भाताच्या शेतात पाणी सोडायचे दिवस होते. माझ्या गाडीत ड्रायव्हर धरून नऊ जण. आत गाडी म्हणजे भट्टी, इंजिनची घरघर एवढी की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, जाड काचेतनं बाहेरचं सगळं हिरवट दिसतं. मी निघताना दरवेळी मागं वळून एकेकाचा बेल्ट बघायचो, पोरं वैतागायची, उस्ताद रोज रोज काय म्हणायची. त्या दिवशी एकानं, सोलापूरकडचा होता, बेल्ट खांद्यावर नुसता टाकला होता आणि हूक अडकवला नव्हता, बुलेटप्रूफवर बेल्ट घट्ट होतो म्हणून. मला दिसलं नाही. हे माझ्या डोक्यातनं आजही जात नाही.

डावं पुढचं चाक गेलं सुरुंगावर. लोक विचारतात आवाज कसा होता, तर मला आवाज आठवतच नाही, एकदम सगळं पांढरं झालं, मग कानात शिट्टी, तोंडात माती, डिझेलचा वास, आणि स्टेअरिंग माझ्या हातात पण गाडी माझ्या हातात नाही. गाडी थोडी उचलली आणि उजव्या अंगानं खाली बसली. मी पहिल्यांदा पायाची बोटं हलवून बघितली बुटात, हलली, मग मागं बघितलं. आठही जण शिव्या देत होते, आणि ज्या माणसाला शिवी देता येते तो जिवंत असतो एवढं ड्रायव्हरला कळतं. फक्त सोलापूरवाला खाली पडलेला, तो छताला जाऊन आपटला होता, हेल्मेट होतं म्हणून डोकं राहिलं पण मान गेली कामातनं. तो वाचला, आज गावाकडं आहे, शेती बघतो, पण मान डावीकडं वळत नाही त्याची, मागनं कोण आलं तर सगळं अंग फिरवून बघतो. बाकीच्यांना खरचटलं, एकाचा दात पडला. आमचं चाक आणि चाकाच्या मधल्या हबचा तुकडा तीस-चाळीस पावलांवर भाताच्या चिखलात रुतलेला मिळाला. त्या गाडीच्या जागी साधा ट्रक असता तर मी हे टाईप करत नसतो. एकाच गाडीत, एकाच स्फोटात, एक हूक लावला आणि एक हूक न लावला ह्याच्यात एवढा फरक.

आता त्यापुढचं सांगतो ते कुठल्या पेपरात येत नाही. ती गाडी ओढून वर्कशॉपला नेली. डबा शाबूत, वेल्डिंगचा एक सांधा उघडला नव्हता. लागणार काय होतं, पुढचा एक्सल, हब, सस्पेन्शनचं सामान. ते सामान यायला किती महिने लागले म्हणता, साडेसात. आज येतंय, उद्या येतंय, कागद इकडं गेलाय, कागद तिकडं अडकलाय. आणि साडेसात महिने आम्ही त्याच रस्त्यानं साध्या गाडीतनं गेलो, फ्लोअरवर वाळूची पोती टाकून. वाळूच्या पोत्यांवर बसून जाणाऱ्या माणसाला विचारा गाडीची किंमत काय. मी कुणा एका साहेबाला दोष देत नाही, त्यातले बरेच जण आमच्यासाठी धडपडले. पण गाडी विकत घेतली म्हणजे काम झालं असं जे वरपासनं खालपर्यंत समजलं जातं त्याला माझा विरोध आहे.

आणि हेच तुर्कीतही झालं, म्हणून मला किर्पीची गोष्ट तुमच्या बातमीपेक्षा मोठी वाटते. ४६८ ची ऑर्डर दिली खरी, पण मधेच ती बीएमसी कंपनी पैशाच्या अडचणीत आली, कामगारांचे पगार थकले, गाड्यांचं काम थांबलं. २०१३ साली तिथल्या सरकारी ठेव विमा फंडानं कंपनी ताब्यात घेतली, २०१४ ला ती नव्या मालकाला विकली, मग पुढं कतारच्या लष्कराचा पैसा त्यात आला आणि राहिलेल्या गाड्यांचं काम परत सुरू झालं. आता तुम्हीच सांगा, २०१५ च्या उन्हाळ्यात त्या भागात लढाई परत पेटली, रस्त्यावर परत सुरुंग फुटायला लागले, तेव्हा मधली गेलेली वर्षं कुणी भरून द्यायची. कारखान्याच्या गेटला कुलूप लागलं की त्याचा हिशोब हजार मैलांवरच्या रस्त्यावर होतो. आपल्या शिरोलीत, गोकुळ शिरगावात मंदी आली, एखादी फाउंड्री बंद पडली की आपण म्हणतो कामगारांचं नुकसान, ते आहेच, पण ज्या गाडीचा भाग तिथं ओतला जायचा त्या गाडीत बसणाऱ्याचंही आहे.

किर्पी नंतर बरीच फिरली. २०१६ च्या ऑगस्टपासून तुर्कीचं सैन्य सिरियात घुसलं तेव्हा ती तिकडं गेली, २०१८ ला तिथल्याच आफ्रीनला गेली. २०१९ च्या मे महिन्यात लिबियात त्रिपोलीच्या बंदरावर जहाजातनं उतरली, तीही संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी असताना. ट्युनिशियानं घेतली, तिथं चांबी डोंगरात अतिरेक्यांनी सुरुंग पेरून सैनिक मारले होते म्हणून. २०२२ ला युक्रेनला मिळाली आणि खेरसनच्या बाजूला वापरली गेली. तुर्कीच्या स्वतःच्या कुर्दी शहरांत, गल्लीबोळात, माणसं राहतात तिथं ही गाडी फिरवली गेली, त्याबद्दल मला काही चांगलं म्हणायचं नाही, सैनिकाला स्वतःच्या देशातल्या गल्लीत चिलखती गाडीतनं उतरायला लागू नये असं मला मनापासून वाटतं. मी बोलतोय ते फक्त आतल्या माणसाच्या मणक्याबद्दल.

आणि ह्या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट परत परत दिसली की ही गाडी म्हणजे रणगाडा नव्हे. सुरुंगाला टिकणारी गाडी रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राला टिकत नाही, तोफेच्या गोळ्याला टिकत नाही, वरनं ड्रोननं टाकलेल्या बॉम्बचं तर बोलायलाच नको. सिरियात, लिबियात, युक्रेनमध्ये किर्पी जळाल्या त्या अशाच. ज्या कामासाठी केली ते सोडून तिला सरळ हल्ल्यात पुढं घातली की आतली माणसं जाणार. शिवाय गाडी उंच, त्यामुळं वळणावर, खचलेल्या कडेवर उलटायची भीती, आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्यांदा तेच शिकवलं होतं की ही गाडी जीपसारखी वळवायची नाही, हिचं वजन डोक्यावर आहे. अमेरिकेच्या गाड्या अफगाणिस्तानात उलटून, कालव्यात पडूनही माणसं गेली आहेत. म्हणून ड्रायव्हर. चांगली गाडी आणि कच्चा ड्रायव्हर ही जोडी मला सुरुंगापेक्षा जास्त भीतीची वाटते.

आपल्याकडं ह्याची दोन्ही टोकं झाली. १३ मार्च २०१८, छत्तीसगडमध्ये सुकमा जिल्ह्यात सीआरपीएफची सुरुंगरोधक गाडीच उडवली, ९ जवान गेले. आणि मग सगळीकडं एकच, ह्या गाड्या बोगस आहेत, ह्या म्हणजे चालत्या शवपेट्या आहेत. अहो, जी गाडी १०-१५ किलोसाठी केली तिच्याखाली चाळीस-पन्नास किलो पुरला तर कोणतीच गाडी टिकणार नाही, तुर्कीची नाही, अमेरिकेची नाही. म्हणून पायी चालत रस्ता तपासणाऱ्या तुकडीशिवाय गाडी काढायची नाही हा नियम असतो. गाडी आहे म्हणून तपासणी टाळली तर ती गाडी नसलेली बरी. त्या काळात जंगलात बरेचसे जवान गाडीच टाळून पायी किंवा मोटरसायकलवर जायला लागले ते उगाच नाही.

पण दुसरं टोक जास्त वाईट. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. इकडं आपण झेंडावंदन करून जिलेबी खाऊन घरी आलो होतो. गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती, तिकडं निघालेले आपल्या महाराष्ट्र पोलिसांचे जवान जांभुळखेड्याजवळ सुरुंगात गेले. १५ पोलीस आणि एक ड्रायव्हर. आणि ते कशातनं जात होते, तर खाजगी गाडीतनं. ज्या गाडीतनं आपण जोतिबाला जातो, वाडीला जातो, लग्नाचं वऱ्हाड नेतो, तसली गाडी. तिचा तळ म्हणजे पत्रा. त्याच्या अडीच महिने आधी १४ फेब्रुवारीला पुलवामात ४० जवान गेले ते साध्या बसमध्ये होते, त्यात आपले बुलढाण्याचे दोघे होते. २६ एप्रिल २०२३ ला दंतेवाड्यात १० पोलीस आणि ड्रायव्हर, परत भाड्याची गाडी. ६ जानेवारी २०२५ ला बिजापूरला ८ जवान आणि ड्रायव्हर, परत साधी गाडी. ह्या प्रत्येक बातमीत शेवटी एक ड्रायव्हर असतो साहेब, बघा तुम्ही, बऱ्याचदा त्याला गणवेशही नसतो, भाड्यानं आलेला, त्याच्या घरी दिवसाचं भाडं घेऊन जाणारा. मी ड्रायव्हर आहे, मला तो आकडा वेगळा लिहिलेला दिसतो तेव्हा पेपर खाली ठेवावा लागतो.

कुणी म्हणेल आता गडचिरोली शांत झालीय. खरं आहे, २०२५ च्या ऑक्टोबरात नक्षलवाद्यांचा मोठा नेता ६० साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवून आला, चांगली गोष्ट झाली, गडचिरोली पोलिसांचं ते यश आहे. पण माणसं शरण येतात, पुरलेला सुरुंग शरण येत नाही. रस्त्याखाली, पुलाखाली, डांबराच्या थराखाली जे पुरलंय ते कुणाला आठवतंय कुणाला नाही. उद्या त्याच रस्त्यानं रस्त्याचं काम करणारे, एसटी, शाळेची पोरं जाणार आहेत. आता गर्दी कमी झालीय, घाई कमी झालीय, हीच वेळ आहे शांतपणे बसून ठरवायची की ह्यापुढं धोक्याच्या भागात एकही पोलीस भाड्याच्या गाडीतनं जाणार नाही, आणि ज्या चिलखती गाड्या आहेत त्यांचं सामान त्याच जिल्ह्यात, त्याच वर्कशॉपात, कपाटात असेल. एक्सल, हब, काचा, बेल्ट. विशेष करून बेल्ट, कारण तो पहिल्यांदा तुटतो आणि शेवटी मागवला जातो.

आणि गाड्या तुर्कीकडनं घ्यायची गरजच नाही. आपल्या पुण्यात होतात. भारत फोर्जच्या कल्याणी ग्रुपला २०२१ च्या फेब्रुवारीत संरक्षण मंत्रालयानं १७७.९५ कोटींची ऑर्डर दिली कल्याणी एम-४ गाडीसाठी, ती लडाखमध्ये वापरतात, तिचं मूळ डिझाईन परत दक्षिण आफ्रिकेचंच. टाटांनीही २०२२ च्या एप्रिलमध्ये पुण्यातच लष्कराला चिलखती गाड्या दिल्या. पुणे आपल्यापासनं हायवेनं सव्वादोनशे किलोमीटर. मग कोल्हापूरनं काय करायचं, तर मी रोज काय बघतो ते सांगतो. आमच्याकडं ट्रकचे, ट्रॅक्टरचे हब, एक्सलच्या हौसिंग, डिफरन्शियलचे केस ओततात, रात्रीच्या पाळीला भट्टीतनं लाल धार साच्यात पडताना बघितली की अजून मला अंगावर काटा येतो. चिलखताची प्लेट आपण करू शकत नाही, ती रोलिंग मिलचं काम, आणि तिचं वेल्डिंगही वेगळं, प्लेट आधी तापवायची, रॉड वेगळे, नाहीतर सांध्याच्या कडेला पोलाद एक तर मऊ पडतं नाहीतर सूक्ष्म तडा जातो, बऱ्याच डिझाईनमध्ये तर तळाच्या टोकाला सांधाच ठेवत नाहीत, एकच प्लेट वाकवतात. पण हब, ब्रॅकेट, सस्पेन्शनचे भाग हे आपलं काम आहे. साधं बीड (ओतीव लोखंड) दणका बसला की तडकतं, एसजी आयर्न नावाचं चिवट बीड वाकतं पण तुटत नाही, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला पुस्तक न वाचता कळतं. ज्या भागाची वाट बघत मी साडेसात महिने वाळूच्या पोत्यावर बसलो तो भाग बघून मी आज सांगू शकतो की पॅटर्न, म्हणजे साचा करायचा नमुना, हातात मिळाला तर आमच्या इथं काही आठवड्यांत त्याचं कास्टिंग पडलं असतं. आपल्या फाउंड्रीवाल्यांच्या संघटनेनं, इंजिनिअरिंग असोसिएशननं ह्या कंपन्यांच्या मागं लागून हे काम आणावं, आणि पोलीस खात्यानं स्पेअरची ऑर्डर गाडीबरोबरच द्यावी, नंतर नाही.

रोज सकाळी साडेपाचला कामावर जायच्या आधी मी शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्यानं चालायला जातो. पोरं पळत असतात, पोलीस भरतीची, अग्निवीरची, सीआरपीएफची, थंडीत पण अंगावर बनियन, एखाद्याचे बूट फाटलेले, कुणाचा बाप कडेला उभा राहून मोबाईलमध्ये वेळ लावतोय. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, घरटी माणूस फौजेत. ती पोरं मला काका म्हणून थांबवतात, छाती किती लागते, सोळाशे मीटर किती मिनिटात, एवढंच विचारतात. मी सांगतो, आणि जाता जाता प्रत्येकाला एक वाक्य सांगतो, गाडीत बसलास की पहिल्यांदा बेल्ट. ती हसतात, त्यांना वाटतं काका ट्रॅफिक पोलिसासारखं बोलतात.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे साहेब. पुढच्या वेळी असल्या गाडीबद्दल छापाल, तुर्कीची असू दे नाहीतर आपल्या पुण्याची, तर समोरून काढलेला मशीनगनचा फोटो छापू नका. तळाची आकृती छापा, व्ही कसा असतो, सीट कुठं टांगलीय, हूक कुठं अडकतो, बाण काढून नावं घालून छापा, अर्धं पान गेलं तर जाऊ दे. मी ते कापून विद्यापीठाच्या रस्त्यावर जिथं पोरं पळायच्या आधी सॅका ठेवतात तिथल्या झाडाला लावणार आहे. आकृती काढायला कुणी माहितगार पाहिजे असेल तर मी रविवारी दिवसभर मोकळा असतो, तुमच्या ऑफिसला येऊन बसतो.

आपला जुना वाचक,
एक माजी सैनिक ड्रायव्हर
शिरोली पुलाची, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर